मदतीच्या शिध्यावर निघालेला महिना

रमजान तोंडावर आला की आपल्या वस्त्यांमध्ये किटच्या याद्या सुरू होतात. किती किट करायच्या, एका किटला किती खर्च येईल, कोणते घर राहून गेले, यावर बैठका होतात. वाटप झाले की आकडा सांगितला जातो : यंदा शंभर घरे झाली, दीडशे झाली. पिशवी दारात पोहोचली की देणाऱ्याचे काम संपते. घेणाऱ्या घरातल्या बाईचे काम मात्र तिथून पुढे सुरू होते. त्या पिशवीतल्या दहा-बारा जिनसांवर तिला तीस सहेरी आणि तीस इफ्तार काढायचे असतात. लहान मुलांचे दुपारचे जेवण वेगळेच.

या दुसऱ्या भागाबद्दल फारसे कोणी लिहीत नाही. देणाऱ्यांना तो दिसत नाही आणि घेणाऱ्यांची तो सांगायला जीभ उचलत नाही. आम्ही लिहायचे ठरवले, कारण २०२० चा रमजान आमच्या घराने अशाच एका किटवर काढला आणि त्यानंतर दरवर्षी किट भरणाऱ्यांमध्ये आम्ही बसतो. दोन्ही बाजूंनी जे दिसले ते बहिणींपुढे ठेवावे, एवढाच हेतू.

आम्ही बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी राहतो. शाळेत उर्दू आणि मराठी शिकवतो. शाळा अंशतः अनुदानावर आहे, म्हणजे हातात येणारा पगार पूर्ण शिक्षकाचा नव्हे. घराचा खरा आधार मुलांच्या अब्बांचा धंदा. आठवडी बाजारांत ते लहान मुलांचे तयार कपडे विकतात. आज या गावचा बाजार, उद्या त्या गावचा, असा त्यांचा आठवडा ठरलेला. वर्षभराची निम्मी कमाई रमजानच्या शेवटच्या पंधरा दिवसांत होते, म्हणून माल दोन महिने आधीच उधारीवर भरलेला असतो. २५ मार्च २०२० पासून देश बंद झाला, त्यात आठवडी बाजारही बंद झाले. माल घरातल्या मागच्या खोलीत छतापर्यंत रचलेला होता, आणि आमचा पगार तर त्याआधीपासूनच अडकला होता. घरात खाणारी तोंडे सहा : सासूबाई, ज्यांना आम्ही अम्मी म्हणतो, आम्ही दोघे, पंधरा वर्षांची मुलगी, बारा वर्षांचा मुलगा आणि सात वर्षांची धाकटी.

सरकारी धान्याचे म्हणाल तर त्या वेळी अन्न सुरक्षा योजनेत ज्यांचे नाव होते त्यांना दर माणशी पाच किलो मोफत धान्य सुरू झाले होते. आमचे कार्ड केशरी, योजनेत नाव नाही. अशा कार्डांसाठी राज्य शासनाने मे आणि जून महिन्यांत गहू ८ रुपये आणि तांदूळ १२ रुपये किलोने दिला, दर माणशी तीन किलो गहू आणि दोन किलो तांदूळ. सहा माणसांचे १८ किलो गहू आणि १२ किलो तांदूळ, प्रत्येकी १४४ रुपये, मिळून २८८. त्या महिन्यात हे २८८ रुपये फार मोठा आधार ठरले, हे मान्य केले पाहिजे. पण रेशनच्या त्या धान्यात डाळ नव्हती, तेल नव्हते. कोरड्या गव्हा-तांदळावर रोजा सुटत नाही.

रमजानच्या दोन दिवस आधी, रात्री मोहल्ल्यातली मुले एक पोते ओट्यावर ठेवून गेली. फोटो काढला नाही, सही घेतली नाही. एवढेच म्हणाली, “बाजी, याच्यात काही जकातीचे आहे, काही इमदादचे.” हे त्यांनी सांगितले म्हणून बरे झाले, पण त्यामुळेच ते पोते दोन दिवस न उघडता कोपऱ्यात राहिले. मुलांच्या अब्बांचा प्रश्न होता, आपण जकात घेण्याच्या हकदारांत बसतो का? सूरह तौबाच्या साठाव्या आयतीत जकातीचे आठ हकदार सांगितले आहेत आणि ज्याच्याकडे निसाब आहे तो त्या गरिबांत मोडत नाही. मागच्या खोलीत लाखाचा माल पडलेला असताना आपण गरीब कसे? त्यांनी मोहल्ल्याच्या मशिदीच्या मौलानांना फोन लावला. मौलानांनी हिशेब विचारला. व्यापाराचा माल मालच आहे, तो धरायचा, पण त्यावरची देणी वजा करायची. माल खरेदीच्या भावाने एक लाख दहा हजारांचा, घाऊक व्यापाऱ्याची उधारी ९२ हजार. उरले १८ हजार. साडेबावन्न तोळे, म्हणजे ६१२ ग्रॅम चांदीचा निसाब त्या दिवसांच्या भावाने पंचवीस हजारांच्या पुढे जात होता. आमच्या अंगावरचे सोने २०१८ च्या दुष्काळात बाजार बसला तेव्हाच मोडले होते. मौलाना म्हणाले, “घ्या. तुमचा हक आहे.”

हक हा शब्द ऐकूनही मुलांच्या अब्बांनी पोते उघडले नाही. मुलगा विचारत होता, “हे आपल्याला का दिलं? आपण तर देतो ना?” त्याला काय उत्तर द्यावे, ते आम्हा दोघांनाही सुचत नव्हते. शेवटी अम्मी उठल्या आणि विळीने पोत्याची दोरी कापली. आमच्याकडे बघून म्हणाल्या, “सामान तो आते-जाते रैता बेटी. पकाने कू सलीखा होना.” आणि मुलाला म्हणाल्या, “पिछले साल तूने दिया, इस साल ले. अगले साल फिर दे.”

अम्मींना हे बोलण्याचा अधिकार होता. १९७२ च्या दुष्काळात त्या पंधरा वर्षांच्या होत्या. दुष्काळी कामावर खडी फोडायला आईबरोबर जात. तिथे सुकडी मिळायची, आणि रेशनला परदेशातून आलेली लाल मिलो. त्या मिलोच्या पिठाला विरी नव्हती, भाकरी थापताना कडा फाटायच्या. मग त्यांच्या आईने उकळते पाणी घालून पीठ भिजवायला शिकवले. “भाकर टूटी तो भी पेट में जाके टूटतीच है,” असे म्हणून त्या हसायच्या. ज्यांनी मिलो खाल्ली त्या पिढीला मदतीचे धान्य घेण्याची लाज नव्हती, ते वाया घालवण्याची लाज होती. हा फरक आम्हाला त्या रात्री नीट कळला.

पोत्यात काय होते ते मुलीने वहीत लिहून ठेवले. ती वही अजून आहे. गहू १० किलो, तांदूळ ५ किलो, तूरडाळ, हरभरा डाळ आणि मसूर प्रत्येकी एक किलो, बेसन एक किलो, तेल दोन लिटर, साखर दोन किलो, चहापत्ती पाव किलो, मीठ, हळद, तिखट आणि खजूर एक किलो. देणाऱ्यांनी मनापासून दिले होते. आम्ही आमच्या सवयीप्रमाणे हिशेब मांडायला बसलो.

किटचा आणि रेशनचा मिळून गहू २८ किलो, तांदूळ १७ किलो. एकूण ४५ किलो म्हणजे रोज दीड किलो, दर माणशी पाव किलो. धान्याला कमी नव्हती. डाळी आणि बेसन मिळून मात्र चार किलो. तीस दिवसांनी भागले तर रोजची सुमारे १३३ ग्रॅम, म्हणजे सहा माणसांत एक वाटी. दर माणशी जेमतेम २२ ग्रॅम, तेही दिवसभराचे.

हा आकडा पाहून आम्ही थांबलो, कारण दुसरा आकडा आम्हाला पाठ होता. शालेय पोषण आहारात सहावी ते आठवीच्या मुलाला एका वेळच्या जेवणात १५० ग्रॅम धान्य आणि ३० ग्रॅम डाळ द्यायची असते. पहिली ते पाचवीला १०० ग्रॅम आणि २० ग्रॅम. म्हणजे आमच्या बारा वर्षांच्या मुलाला शाळेत दुपारच्या एका जेवणात जेवढी डाळ ठरलेली आहे, तेवढी घरात दिवसभरात वाट्याला येणार नव्हती. तेल दोन लिटर म्हणजे रोज ६६ मिलिलिटर, साडेचार मोठे चमचे, सगळ्या घराला. किट भरताना धान्य स्वस्त आणि वजनदार म्हणून जास्त पडते, डाळ-तेल महाग म्हणून कमी पडते. पोते भरलेले दिसते, पण ताटात पातळ पाणी येते.

तेव्हा ठरले ते असे. रोज डाळीची एकच वाटी, आणि ती संध्याकाळी. ज्या दिवशी सहेरीला मसूर घालून खिचडी, त्या दिवशी रात्री डाळ नाही. तळण फक्त जुम्म्याला. आणि धान्यातला काही भाग बदलून घ्यायचा.

बदल असा की, आपल्या मराठवाड्यात भाकरी ज्वारीची, पण किटमध्ये येतो गहू. गव्हाच्या पोळीला तेल लागते, भाकरीला लागत नाही. रब्बीची ज्वारी नुकतीच घरोघर आलेली होती. आमच्या गल्लीतल्या काकूंकडे शेती आहे. अम्मी त्यांच्याकडे गेल्या आणि किटमधला पाच किलो गहू देऊन ज्वारी मागितली. काकूंनी ज्वारी सहा किलो मोजली, वर पदरात शेंगदाणे घातले. बाहेर त्या महिन्यात आपल्याबद्दल काय काय बोलले जात होते ते वाचकांना ठाऊक आहे. आमच्या गल्लीत मात्र माप नेहमीसारखेच वरपर्यंत भरलेले राहिले. शेंगदाण्याची चटणी आणि भाकरी हा सहेरीचा पाया झाला. शेंगदाण्याने पोट टिकते, दुपारपर्यंत मुलांची तोंडे सुकत नाहीत.

संध्याकाळच्या त्या एका वाटीचे काय काय केले ते सांगतो, कारण बहिणी तेच विचारतात.

चकोल्या आठवड्यातून दोनदा. वाटीभर तूरडाळ तासभर भिजवून शिजवायची, म्हणजे इंधन वाचते. ती भरपूर पाण्यात घोटून, दोन चमचे तेलाची फोडणी, चिंच, तिखट, असला तर गुळाचा खडा. कणकेची पोळी लाटून शंकरपाळ्यासारखी कापायची आणि उकळत्या वरणात एक एक तुकडा सोडायचा. एका पातेल्यात पोळी आणि वरण दोन्ही झाले, सहा माणसे पोटभर जेवतात.

पिठले दोनदा. वाटीभर बेसनाला चार वाट्या पाणी, कांदा भरपूर. भाकरीबरोबर ते पुरून उरते. राहिलेले पिठले सकाळी थापून वड्या पाडल्या तर मुलांना नवीन पदार्थ मिळाल्यासारखे वाटते.

खट्टी दाल एक-दोनदा. एप्रिल-मे महिन्यात चिंचेला कोवळी पालवी येते. आपल्याकडे तिला चिगूर म्हणतात. मुलगा आणि धाकटी सकाळी वस्तीमागच्या चिंचेखालून ओंजळभर चिगूर आणायची. मसूर पाऊण वाटी, चिगूर ठेचून, लसणाची फोडणी. विकतची चिंच वाचली, आणि ज्या घरात मटण आले नव्हते त्या घरात दस्तरखानाला काहीतरी चव आली.

खिचडी-खट्टा जुम्म्याच्या सहेरीला. तीन वाट्या तांदूळ, वाटीभर मसूर, हळद, मीठ. खट्ट्याला चूल लागतच नाही : चिंचेचा कोळ, भाजलेल्या शेंगदाण्याचा कूट, बारीक कांदा, तिखट, मीठ. खाणाऱ्याला वाटते मेजवानी, करणारीला माहीत असते की यात तेल चमचाभरच गेले.

उरलेल्या दिवशी येसर. ज्वारी, गहू आणि मूठभर हरभरा डाळ खमंग भाजून मसाल्यासह दळून ठेवलेले पीठ. मराठवाड्यात लग्नाच्या आमटीला ते वापरतात. दोन चमचे येसर पातळ आमटीला घट्टपणा देते आणि अर्ध्या वाटीच्या डाळीला वाटीभराचे रूप येते. अर्थात रूपच. डाळीचे सत्त्व त्याने वाढत नाही, हे ध्यानात ठेवावे. म्हणून चटणीतला शेंगदाणा आम्ही कमी होऊ दिला नाही. कांदा-टोमॅटो त्या दिवसांत दारावर स्वस्त येत होते, कारण शेतकऱ्याला बाजार मिळत नव्हता. त्याचे नुकसान आमच्या पथ्यावर पडले, हेही लिहून ठेवायला हवे. कांदा घेताना आम्ही भाव पाडून मागितला नाही, एवढेच आमच्या हातात होते.

गॅसची टाकी लांबवण्यासाठी अंगणात चूल मांडली. कापसाच्या पऱ्हाट्या गावाकडून आल्या होत्या. भाकरी आणि डाळ चुलीवर, चहा गॅसवर.

खजूर मोजले तर ११२ निघाले. रोज तीन खजूर, त्यांचे सहा अर्धे. पाच रोजदार आणि सातवा रोजा धरायचा हट्ट करणारी धाकटी, प्रत्येकाला एक अर्धा. तीस रोज्यांचे ९० झाले, २२ ईदच्या शीरखुर्म्यासाठी बरणीत गेले. अर्ध्या खजुराने रोजा सोडताना सुरुवातीचे दोन-तीन दिवस मुलगा खाली मान घालून बसायचा. मग एक दिवस त्याने आपला अर्धा अम्मींच्या ताटात ठेवला, म्हणाला, “मला पाण्यानेच सोडायचा.” अम्मींनी तो परत त्याच्या तोंडात घातला. त्या दिवसापासून घरात किटचा विषय पुन्हा निघाला नाही. किट हे आमचे सामान झाले.

याच काळात शाळेची एक जबाबदारी आमच्याकडे होती. शाळा बंद झाल्यावर पोषण आहाराचा शिल्लक तांदूळ आणि कडधान्य मुलांच्या पालकांना वाटून द्यायचे आदेश आले होते. आम्ही शिक्षक तोंडाला रुमाल बांधून वजनकाट्याजवळ उभे राहायचो. रांगेत हमाल होते, रिक्षावाले होते, शिवणकाम करणाऱ्या बाया होत्या. ऊसतोडीहून परतलेले पालकही नंतर आले. कारखान्यांवर अडकलेल्या मजुरांना घरी यायची परवानगी एप्रिलच्या मध्यानंतर मिळाली, आणि गावाने त्यांना आधी वस्तीबाहेर थांबवून मग आत घेतले. आपल्या घरात डाळीची एक वाटी मोजून शिजते आणि समोर पोत्याने मटकी-मूगडाळ आहे, अशा वेळी हात काट्यावर स्थिर ठेवायचा असतो. तो ठेवला, यात सांगण्यासारखे काही नाही. ते मुलांचे होते. सांगायचे आहे ते वेगळे.

एका आईने मटकीची पिशवी हातात घेऊन विचारले, “मॅडम, हे इतके कडक दाणे, गॅस तर संपलाय, शिजवू कसे?” आम्ही तिला सांगितले, रात्री भिजव, सकाळी ओल्या फडक्यात बांध, दुसऱ्या दिवशी मोड येतील, मग दोन उकळ्यांत शिजते. मूठभर कच्ची ठेव, कांदा-मीठ घालून मुलांना दे. तिच्यामागच्या बाईनेही ऐकले. चार दिवसांनी वर्गाच्या ग्रुपवर, जिथे आम्ही उर्दूचा धडा पाठवत होतो, तिथे आयांचे आवाज येऊ लागले : चवळीचे काय करायचे, वाटाणा किती वेळ भिजवायचा, जुन्या पिठाची भाकरी फाटते. शेवटच्या प्रश्नाला अम्मींनी स्वतः उत्तर दिले, उकळत्या पाण्याचे. धडे किती मुलांनी ऐकले माहीत नाही, पण अम्मींचा तो आवाज बऱ्याच घरांत फिरला. तेव्हा आम्हाला समजले की मदतीच्या धान्याबरोबर दोन शब्द गेले तर धान्य वाढते. आणि ते शब्द सांगणारी बाई त्याच रांगेतली असली तर ऐकणारीला कमीपणा वाटत नाही.

ईद २५ मे रोजी सोमवारी झाली. नमाज घरातच अदा केली. त्या वर्षी ईदची नवी खरेदी करू नका, ते पैसे गरजवंतांना द्या, असे आवाहन सगळीकडे झाले होते. आवाहन योग्यच होते. पण गरजवंतांमध्ये कपडे विकणाराही असतो, हे मागच्या खोलीतला माल रोज सांगत होता. मुलांच्या अब्बांनी त्या मालातले काही जोड मोहल्ल्यातल्या यतीम मुलांना दिले, बाकीचा माल विकायला पुढची दीड-दोन वर्षे गेली. उधारी हप्त्याने फेडली. शीरखुर्म्याच्या शेवया विकत आणल्या नाहीत. रेशनच्या गव्हातले दोन किलो चिकासाठी भिजवून, वाळवून, त्याचा रवा-मैदा काढून अम्मींनी शेजारणीच्या मशिनवर शेवया पाडल्या होत्या. दूध, साखर, २२ खजूर. बदाम-पिस्ते नव्हते. काकूंकडे पहिला डबा गेला.

तेव्हापासून आता पुष्कळ बदलले आहे. अन्न सुरक्षा योजनेतले धान्य जानेवारी २०२३ पासून मोफत आहे. रेशनच्या आणि पोषण आहाराच्या तांदळात मधल्या काळात लोह, फॉलिक अॅसिड आणि बी-१२ असलेले दाणे मिसळले गेले, शंभरात एक या प्रमाणात. हे दाणे थोडे वेगळे दिसतात, पाण्यावर तरंगतात, म्हणून काही भगिनी ते प्लास्टिकचे समजून निवडून टाकतात. असे दाणे दिसले तर टाकू नका. ते तांदळाच्याच पिठाचे आहेत आणि आपल्या मुलींच्या अंगात रक्त कमी असते, त्यांच्यासाठीच ते घातलेले आहेत. तांदूळ फार चोळून धुऊ नये, म्हणजे झाले.

आमची बाजू आता देणाऱ्यांची आहे, अल्लाहचे शुक्र. वस्तीतल्या आम्ही काही बाया मिळून दर रमजानला किट भरतो. त्या वहीतल्या हिशेबावरून काही गोष्टी ठरवल्या आहेत. त्या पटल्या तर आपल्या वस्तीतही करून पाहा.

पहिली, डाळ. सहा माणसांच्या घराला दर माणशी रोज निदान ३० ग्रॅम धरली तरी महिन्याला ५ किलो ४०० ग्रॅम लागते. ज्या घरात रेशनचे धान्य येते त्या घरच्या किटमधून गहू-तांदूळ कमी करा आणि तेवढ्या पैशांत डाळ, शेंगदाणे, तेल वाढवा. पोते लहान दिसेल, दिसू द्या.

दुसरी, आधी विचारा. घरात चूल आहे की गॅस, दळण जवळ होते की नाही, कोणाला साखरेचा आजार आहे का, तान्हे मूल आहे का. मधुमेही म्हाताऱ्याच्या घरी दोन किलो साखर देऊन त्याचे काय भले होणार? पुरुषांनी यादी करावी, पण हे प्रश्न बायांनी बायांना विचारावेत.

तिसरी, चिंच, लसूण, मसाला, काड्यापेटी, साबण या चिल्लर वस्तू आठवणीने घाला. डाळीला चव आली तर डाळ पोटात जाते. आणि जमेल तसे एका पाकिटात थोडे पैसे. दूध, भाजी, औषध किटमध्ये भरता येत नाही.

चौथी, फित्रा ईदच्या नमाजीआधी अदा झाला पाहिजे हे सगळ्यांना माहीत आहे, पण तो रमजानमध्ये आधीही देता येतो. ईदगाहाच्या वाटेवर दिलेल्या फित्र्यातून त्या घरात शेवया शिजत नाहीत. आठ-दहा दिवस आधी पोहोचला तर शिजतात.

पाचवी, जकातीचे काय आणि इमदादचे काय, हे घेणाऱ्याला साफ सांगा, आणि त्याला विचार करायला दोन दिवस द्या. सूरह बकरामध्ये अशा गरजवंतांचा उल्लेख आहे, जे हात पसरत नाहीत म्हणून बघणाऱ्याला ते खाऊनपिऊन सुखी वाटतात. असे घर यादीत सहसा नसते. ते शिक्षकाचे असते, दुकानदाराचे असते, शिवणकाम करणाऱ्या विधवेचे असते. आमच्या यादीत दरवर्षी चार-पाच घरे अशी असतात, ज्यांची नावे कागदावर लिहिली जात नाहीत. त्यांच्या पिशव्या आमचा मुलगा तरावीहनंतर पोहोचवतो. तो आता अठराच्या पुढे गेला आहे, सायकलची मोटारसायकल झाली आहे. त्याने आम्हाला सांगितलेली एक गोष्ट आम्ही नियम म्हणून पाळतो : पिशवी ओट्यावर ठेवायची, सलाम करायचा, आणि दार उघडायची वाट न बघता निघायचे.

यंदाच्या याद्या लवकरच सुरू होतील. आपल्या मोहल्ल्यातल्या बैठकीत किट किती, हा प्रश्न झाला की बायांपैकी कोणीतरी दुसरा प्रश्न नक्की विचारावा : एका किटमध्ये डाळ किती?